माटोळीच्या कड्याभोवतीचा तांबूस डाग

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

फोंडा शहरातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते. त्यांची इमारत १९८८ सालची, तळमजला आणि वर तीन मजले. फ्लॅट सोळा, खाली पार्किंग आणि रस्त्याच्या बाजूला चार दुकानं. सहा फ्लॅटमालक बाहेर आहेत: कोणी दुबईत, कोणी बोटीवर, कोणी मुंबईत. गेल्या महिन्यात पार्किंगमधल्या बीमच्या तळाचा काँक्रीटचा तुकडा सुटला आणि एका शाळकरी मुलाच्या सायकलवर पडला; बीममधली सळी उघडी पडली. मूल तेव्हा जिन्यात होतं. बाईंनी बैठकीत ‘स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करून घेऊया’ म्हटलं, तर अध्यक्ष भडकले. वीस वर्षं ही इमारत सांभाळणारे अध्यक्ष बाईंना वडिलांच्या जागी आहेत. त्यांचं म्हणणं, ऑडिट केलं की नगरपालिकेची नोटीस येईल आणि फ्लॅटला गिऱ्हाईक मिळणार नाही. दुकानदार म्हणाले, गच्ची गळते त्याच्याशी आमचा काय संबंध? शेवटी ठरलं ते असं की पडलेल्या जागी प्लास्टर मारायचं आणि चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) इमारतीला बाहेरून रंग द्यायचा. बाई विचारतात: “माझा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आतून चांगला आहे. हॉलच्या छताला माटोळीच्या (चवथीला गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीच्या) कड्याभोवती तांबूस डाग आहे तेवढाच. मी हट्ट धरून शेजार तोडू, की गप्प बसून फ्लॅट विकू आणि मुलीकडे पर्वरीला जाऊ?”

बाई,

पत्रातलं ते माटोळीच्या कड्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘तेवढाच’ म्हणून तुम्ही तो डाग बाजूला सारलाय, पण मला सगळ्यांत आधी तोच पाहायचा आहे. स्टुलावर चढू नका. खालूनच फोनच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा. डाग कड्याभोवती गोल असेल तर कडं गंजलंय एवढंच असू शकतं. पण तो कड्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर सरळ रेषेत गेला असेल, तर तिथे आतली सळी गंजते आहे. गंज सरळ रेषेत जातो तो सळीच्या मागोमाग. म्हणजे पार्किंगमध्ये जे झालं त्याची सुरुवात तुमच्या हॉलच्या छताला असू शकते. नसेलही. मात्र ‘माझा फ्लॅट चांगला आहे’ हे तुम्ही रंग आणि फरशी पाहून म्हणताय, आणि सळ्या त्या दोहोंच्या पलीकडे आहेत.

शिवाय सोळा फ्लॅटच्या इमारतीत ‘माझा फ्लॅट’ म्हणजे नेमकं काय, हेही एकदा मनाशी तपासून पाहा. तुमच्या हॉलचं छत ही वरच्यांची जमीन आहे. तुमचा कोपऱ्यातला कॉलम खाली एका दुकानातून जातो आणि वर गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचतो. तुमचं विक्रीखत काढून वाचा. आपल्याकडच्या बहुतेक खतांत फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा लिहिलेला असतो, आणि गच्ची, जिना, टाक्या हे सामाईक असल्याचं कलम असतं. दुकानदारांच्या खतातही ते असण्याचा संभव मोठा. गच्चीशी आमचा संबंध नाही असं ते म्हणतात तेव्हा वाद घालू नका, दोघांची खतं शेजारी ठेवून वाचा. आणि त्यांना तो पडलेला तुकडा दाखवा. तो गच्चीवरून आला नव्हता, त्यांच्याच पातळीवरच्या बीममधून आला होता.

आता अध्यक्षांची भीती. तिच्यामागे एक समज आहे आणि तो तुमच्याही पत्रात थोडा उतरलाय: तपासलं की धोका निर्माण होतो, नाही तपासलं तर सगळं ठीक. बीमला हे कळत नाही. फोंडा समुद्रापासून आत आहे, वास्को किंवा मिरामारइतकं खारं वारं तुम्हाला लागत नाही, ही जमेची बाजू. पण पाऊस तुम्हाला कमी नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

नवं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच) १२-१३ च्या आसपास, आणि तेवढ्यानेच आतल्या सळीवर गंजापासून राखणारा पातळ थर टिकून राहतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की सामू ९ च्या खाली येतो, तो थर जातो, आणि मग ओल आणि हवा मिळाली की सळी गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा त्याला मिळत नाही म्हणून तो काँक्रीटच बाहेर ढकलतो. तुमच्या पार्किंगमध्ये नेमकं हेच झालं. वरचं प्लास्टर कच्चं होतं म्हणून तुकडा पडला असं कोणी म्हटलं तर मानू नका. सळी उघडी पडली असं तुम्हीच लिहिलंय.

तुमची इमारत ज्या काळातली आहे, तेव्हा चालू असलेल्या १९७८ च्या भारतीय मानकात आरसीसीसाठी (सळ्या घातलेल्या काँक्रीटसाठी) एम-१५ दर्जाचं काँक्रीट चालत असे (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत), आणि स्लॅबच्या सळीवर १५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे सळीला झाकणारा काँक्रीटचा थर, पुरेसं धरलं जाई. २००० सालच्या मानकाने आरसीसीसाठी किमान एम-२० केलं, आणि किनाऱ्यासारख्या तीव्र हवामानात तर एम-३०. हे सांगते ते तुमच्या बिल्डरला दोष देण्यासाठी नाही. त्याने त्या वेळच्या नियमाने बांधलं असेल. पण अडतीस पावसाळे झेललेलं १५ मिलिमीटरचं कव्हर, तेही गवंड्याने नीट राखलं असेल तरच १५, याच्याकडे डोळे मिटून राहता येत नाही. २०२३ च्या जुलैत पणजीच्या कला अकादमीत खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. त्यानंतर कितीतरी दिवस मला फोन येत होते, “आमची बिल्डिंगपण त्याच वयाची, बघून जाशील?” मग चवथ आली, दिवाळी आली, फोन थांबले.

प्लास्टर आणि रंग या तुमच्या ठरावाबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं. हा ठराव निरुपयोगी असता तर मी गप्प बसले असते. तो अपाय करणारा आहे. काही वर्षांपूर्वी वास्कोतल्या एका इमारतीत गेले होते. नुकताच रंग दिलेला, पिवळा आणि पांढरा, बघणाऱ्याला वाटावं नवीच आहे. पार्किंगमधल्या बीमवर छोट्या हातोडीने टकटक करत गेले. दोन फूट खणखणीत आवाज, आणि पुढे एकदम पोकळ, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. तिथे छिन्नी लावली तर वर्षभरापूर्वीचं प्लास्टर अख्खं हातात आलं. त्याच्या आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे चिकटलेले होते, एकावर एक, बोटाने सुटतील असे. सळी निम्मी उरली होती. त्या लोकांनीही पडलेल्या जागी प्लास्टरच केलं होतं. गंज तसाच ठेवून वर सिमेंट थापलं की तो थांबत नाही, दिसेनासा होतो. त्यात श्रावणात ओल्या भिंतीला बाहेरून रंग द्यायचा म्हणजे आतली ओल कोंडायची. ऑक्टोबरपर्यंत त्याला फुगे येतील आणि पैसे गेलेले असतील. रंग द्यायला माझी हरकत नाही, पण तो सगळ्यांत शेवटी.

आज काय करायचं ते आधी सांगते, कारण त्याला बैठक लागत नाही. तो बीम जिथून जिथपर्यंत जातो, त्याखालची जागा दोरी बांधून बंद करा. गाड्या, सायकली, वॉचमनची खुर्ची, सगळं हलवा. माहितगार गवंड्याकडून बीमचे सुटे तुकडे खाली पाडून घ्या, पण त्यावर प्लास्टर मारू देऊ नका. सळी उघडी दिसलेली बरी. त्यानंतर इमारतीतली एक फेरी तुम्ही स्वतः मारू शकता. बीमच्या किंवा कॉलमच्या लांबीने सरळ जाणारी चीर म्हणजे बहुधा गंज. चिऱ्याची भिंत आणि बीम जिथे भेटतात तिथली आडवी बारीक चीर दोन साहित्यांच्या जोडाची असते, तिचं फार मनावर घेऊ नका. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या केसाएवढ्या चिरा प्लास्टरच्याच. पण बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, तिरपी चीर दिसली तर चवथ, बैठक, कोणाचीही वाट न पाहता त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा आणि तिथे टेकू लावून घ्या. पार्किंगमधल्या कॉलमांच्या पायथ्याशी खाली बसून बघा. गाड्या धुतल्याचं पाणी तिथेच मुरतं, आणि तिथे कोणी वाकून बघत नाही. कुठली चीर वाढतेय की नाही याची शंका असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी बसवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर चीर जिवंत आहे.

आणि ही फेरी पाऊस चालू असताना मारा. गळती शोधायला जुलै-ऑगस्टसारखा काळ नाही. पाणी गच्चीवरून येतंय, न्हाणीच्या फरशीच्या सांध्यांतून, पश्चिमेच्या भिंतीवर आपटणाऱ्या पावसातून की फुटक्या डाऊनपाइपातून, हे आत्ता दिसेल, जानेवारीत दिसणार नाही. सज्जावर पिंपळाचं रोप आहे का बघा. आहेच, पैज लावते. ते वरून खुडलं की दुप्पट जोमाने येतं, मूळच काढावं लागतं. गच्चीवर पत्रे घातले असतील तर पत्र्याच्या खांबांचे बोल्ट स्लॅबला भोकं पाडून बसवलेत का तेही पाहा. वरून ऊन-पाऊस अडवायचा आणि खालून स्लॅबमध्ये पाणी सोडायचं, असं अनेक ठिकाणी झालेलं आहे.

खरी तपासणी मात्र इंजिनिअरची. शेजारच्या महाराष्ट्रात सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. ते नियम तुम्हाला लागू नाहीत, पण हिशेब तोच धरा. त्या हिशेबाने तुमची इमारत आजवर निदान पाचदा तपासून व्हायला हवी होती. फर्मागुडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या स्थापत्य विभागात जाऊन चौकशी करा, शिवाय स्वतंत्र काम करणाऱ्या दोन अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरांकडून दर मागवा. एक पथ्य सांभाळा. ‘फुकट तपासणी करून देतो’ म्हणणाऱ्या वॉटरप्रूफिंगवाल्याकडून तपासणी करून घेऊ नका. ज्याला औषध विकायचंय त्याने रोग ठरवू नये. तपासणारा वेगळा, दुरुस्ती करणारा वेगळा.

इंजिनिअर नुसता फिरून पत्र देणारा नको. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. निरोगी काँक्रीट लगेच गडद गुलाबी होतं, ज्याचा सामू उतरलाय ते तसंच करडं राहतं. तो करडा पट्टा सळीपर्यंत पोचलाय का, हे तुमच्या अध्यक्षांनाही उघड्या डोळ्यांनी दिसेल, त्यांना शेजारी उभं करा. याशिवाय रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून त्याचा कठीणपणा मोजणारं उपकरण), काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून वेग मोजायची चाचणी, सळीतल्या गंजाची शक्यता सांगणारी हाफ-सेल चाचणी, आणि गरज पडली तर काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेत दाबून पाहणं. सगळ्या चाचण्या सगळीकडे लागत नाहीत, कुठे किती हे त्याने आधी नकाशावर दाखवावं. अहवालात फोटो, जागा, तातडीचं काय आणि दोन वर्षं थांबू शकेल असं काय, आणि कामाचं मोजमाप हवं. मोजमाप असलं की तीन कंत्राटदारांचे दर एकाच कामाचे येतात. कंत्राटदाराचे पाच-दहा टक्के रोखून ठेवा, आणि एक पावसाळा काढल्यावर द्या.

नोटिशीचं काय? धोकादायक इमारतीबद्दल नोटीस काढायचा अधिकार नगरपालिकेला आहे, हे खरं. पण तो अधिकार तुमच्या अहवालातून जन्मत नाही, तुकडा रस्त्यावर पडून कोणी जखमी झालं तरी तो असतोच. आणि जुनी इमारत म्हणजे पाडायची इमारत असं मुळीच नाही. मुंबईत अशा इमारतींचे प्रकार करतात: ताबडतोब रिकामी करायची, रिकामी करून दुरुस्त करायची, लोक राहत असताना मोठी दुरुस्ती करायची, आणि किरकोळ दुरुस्तीची. तुमच्या पत्रावरून तुमची कुठल्या प्रकारात बसेल हे मी सांगणार नाही, ते सांगणं चुकीचं होईल. पण राहत्या घरात कॉलमला जॅकेट (बाहेरून नव्या काँक्रीटचं वेष्टण) बसवून, सळ्या साफ करून, पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा खास मसाला) भरून सावरलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत, आणि त्यात आजही संसार चालू आहेत.

किमतीचं म्हणाल तर उलटं बघा. ‘तीन वर्षांपूर्वी तपासली, हे दुरुस्त केलं, ही बिलं’ असं सांगणाऱ्या इमारतीतला फ्लॅट विकणं सोपं, की पार्किंगमध्ये सळ्या लोंबणाऱ्या इमारतीतला? तुम्ही स्वतः विकून पर्वरीला जायचं म्हणताय. तो मार्ग तुमचा आहे, त्यात कमीपणा काही नाही. मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तुम्हाला आता ठाऊक आहे. गप्प राहून विकायचा पर्याय तुमच्याकडे उरलेला नाही, आणि तुमचं पत्र वाचून वाटतं, तो तुम्हाला मनापासून नकोही होता.

आता शेजार. तुम्ही प्रश्न असा मांडलाय की एका तागडीत इमारत आणि दुसऱ्या तागडीत अध्यक्षांची माया. मला वाटतं घोळ ‘ऑडिट’ या शब्दाने झालाय. वीस वर्षं ज्या माणसाने बिनपगारी टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला, मोटर जळली तर रात्री इलेक्ट्रिशियन शोधला, त्याच्यासमोर भर बैठकीत कोणी ‘ऑडिट’ म्हटलं की त्याला आपल्या कारभाराची झडती ऐकू येते. तुम्ही त्यांच्या घरी एकट्या जा, बैठकीआधी. ऑडिट म्हणू नका, तपासणी म्हणा. म्हणा, “भाई, कुठला पाइप कुठून जातो हे या बिल्डिंगमध्ये तुम्हालाच ठाऊक आहे. इंजिनिअर आला की तुम्ही त्याच्याबरोबर फिरा.” हे नुसतं गोड बोलणं नाही, त्याची खरंच गरज असते. मूळ नकाशे, कुठली भिंत कोणी पाडली, टाकी कधी वाढवली, गच्चीवर कोबा कितीदा घातला, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि ते त्यांच्याबरोबर जायच्या आत कागदावर यायला हवं. पार्किंगमध्ये मूल होतं, की जिन्यात, यात पाच मिनिटांचं अंतर होतं, हेही त्यांना सांगा. तेही कोणाचे तरी आजोबा असतील.

तरीही ते नाही म्हणाले तर? मग लेखी द्या. सेक्रेटरीला पत्र, पोच घ्या, विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत आणि चर्चा इतिवृत्तात नोंदवून घ्या. बाहेरच्या सहा मालकांना फोटोसह मेल पाठवा आणि बैठकीला फोनवर घ्या. दुबईतल्या माणसाला आपल्या फ्लॅटचा रंग उडाल्याचं वाईट वाटतं, पण उघड्या सळीचा फोटो त्याला पैसे काढायला लावतो, हा माझा अनुभव आहे. पत्रात तुमची सोसायटी नोंदलेली आहे की नाही ते नाही. नसेल तर २००१ च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखाली नोंदणीसाठी सहकार निबंधकांकडे जा. नोंदणीशिवाय थकबाकी मागायलाही हातात काही नसतं.

पैशांचा एक हिशेब देते, तो बैठकीत फळ्यावर मांडा. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला जमेल. महाराष्ट्राच्या उपविधींत दर फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात (पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती फंडात, असं धरलेलं आहे. उदाहरणादाखल जमीन सोडून बांधकाम २० लाखांचं धरलं तर वर्षाला ५,००० आणि १५,०००, मिळून २०,०००, म्हणजे महिन्याला साधारण १,६७० रुपये. तुम्ही सध्या मेंटेनन्स किती भरता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत हा आकडा ऐकून लोक खुर्चीतून उठतात. हे पैसे अडतीस वर्षं साठले असते तर आज वर्गणी मागावी लागली नसती. आता ती एकदम मागू नका. तपासणीची फी आधी, ती सोळा फ्लॅट आणि चार दुकानांत वाटली की फार नसते. दुरुस्तीची वर्गणी अहवाल हातात आल्यावर, हप्त्यांनी. पेन्शनवर जगणारं कोणी असेल तर त्यांचे हप्ते लांब ठेवा, आणि हे बैठकीत त्यांचं नाव न घेता ठरवा.

वेळापत्रक असं धरा: गळतीची फेरी आत्ता, इंजिनिअर आताच नेमून चाचण्या पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काम डिसेंबर ते मे. बीमला टेकू लावायची गरज आहे का, तेवढं मात्र त्याने याच आठवड्यात येऊन सांगावं.

आणि माटोळी. यंदा ती त्या कड्याला बांधू नका. नारळ, सुपाऱ्या, फळं, सगळं मिळून तिचं वजन लहान नसतं, आणि खाली गणपती असतो, मुलं बसतात. सुताराकडून चार पायांची लाकडी चौकट करून घ्या, जमिनीवर उभी राहणारी, आणि माटोळी तिला बांधा. डागाचा फोटो तारीख घालून ठेवा, इंजिनिअर आला की त्याला आधी तोच दाखवा.